गवत, गाय आणि पातेलं : कसबा पेठेच्या दुधाची गोष्ट

‘डॉक्टर, रानात चरणाऱ्या गायींचं दूध घरपोच मिळतंय. महाग आहे, पण मुलीला तेच सुरू करावं म्हणतो. आणि ते म्हणतात, हे दूध तापवू नका, तापवलं की त्यातला कस जातो. खरं का?’ असे प्रश्न हल्ली वरचेवर विचारले जातात. विचारणारे आई-वडील मुलांच्या काळजीपोटी विचारतात, म्हणून त्यांना नीट उत्तर मिळायला हवं.

थोडक्यात उत्तर असं : गाय काय खाते त्याने दुधात फरक पडतो, पण तो जाहिरातीत सांगतात तेवढा मोठा नसतो. गायीच्या सडापासून तुमच्या मुलाच्या पेल्यापर्यंत दूध कुठल्या वाटेने येतं, यावर त्याहून खूप जास्त अवलंबून असतं. आणि कच्चं दूध मुलाला देऊ नका, मग गाय कितीही चांगल्या रानात चरलेली असो.

हे पटायला थोडा इतिहास पाहावा लागेल, आणि तो पाहायला लांब जायची गरज नाही. पुण्याच्या सगळ्यात जुन्या वस्तीत, कसबा पेठेत, दुधाच्या या वाटेचे बरेचसे टप्पे सापडतात.

कसब्याचं गवत

कसबा म्हणजे मूळ पुणं. बाकीच्या पेठा नंतर वसल्या. सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून उद्ध्वस्त केलं. पुढे जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन इथे आल्या आणि गाव पुन्हा वसलं. त्या वेळी जमिनीवर सोन्याचा नांगर फिरवला, ही गोष्ट पुण्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला नांगर महत्त्वाचा आहे. गाव वसवायचं म्हणजे जमीन कसायची, त्यासाठी बैल हवेत, बैलांसाठी गाय हवी आणि गायीसाठी गवत हवं.

म्हणून जुन्या प्रत्येक गावाला गायरान असे. ती सगळ्या गावाची चराईची जमीन. गुराखी सकाळी घरोघरची जनावरं गोळा करून तिकडे नेई आणि दिवेलागणीला परत आणी. त्याशिवाय राखीव कुरणं असत. तिथे पावसाळाभर जनावर सोडत नसत. गवत वाढू द्यायचं, दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापायचं आणि गंजी रचून ठेवायची. मराठेशाहीत घोडदळ आणि सरकारी जनावरांसाठी अशी कुरणं राखली जात. आजही महाराष्ट्रात ‘कुरण’ नावाची गावं सापडतात.

पण इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘पूर्वी गाई बारा महिने हिरव्या गवतावर असत’ हे आपल्या भागापुरतं खरं नाही. पुण्याच्या पश्चिमेला मावळात पाऊस धो धो पडतो, तर पूर्वेला सुपे-बारामतीकडे तो जेमतेम असतो. दोन्हीकडे पाऊस चारच महिने. माळावरचं मारवेल, पवना, कुसळी गवत आषाढात हिरवं होतं आणि दिवाळीनंतर पिवळं पडून वाळतं. मग उन्हाळ्यापर्यंत जनावरांच्या पुढ्यात मुख्यतः ज्वारीचा कडबा असे. मावळात भाताचा पेंढा असे. दुभत्या जनावराला वर थोडी पेंड, चुनी किंवा भुसा मिळे. वर्षाचा बराचसा काळ हिरव्या कुरणावर गाय ठेवणं आयर्लंड किंवा न्यूझीलंडसारख्या देशात जमतं, कारण तिथे वर्षभर थोडाथोडा पाऊस पडत राहतो. आपल्याकडे गवत ही ऋतूची वस्तू आहे.

दुसरी गोष्ट गाईच्या जातीची. या भागातली खिलार गाय बैलांसाठी पाळली जाई. तिचे बैल काटक आणि चपळ, पण दूध जेमतेम, वासराचं भागून उरेल तेवढं. शहरात रतीबाला जाणारं दूध मोठ्या प्रमाणात म्हशीचं असे. म्हैस कडब्यासारख्या सुक्या चाऱ्यावरही दाट दूध देते. पुण्याचं श्रीखंड, बासुंदी आणि चहा या म्हशीच्या दुधावर पोसलेले आहेत. तेव्हा ‘आपल्या पूर्वजांसारखं दूध’ शोधायचं तर ते बहुधा कडबा खाणाऱ्या म्हशीचं निघेल.

गवत दुधात काय घालतं?

गाय गवतातून दूध करते हा चमत्कार तिच्या पोटातल्या जंतूंचा आहे. गवतातला तंतू आपल्याला पचत नाही. गायीच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्म जीव हा तंतू आंबवतात आणि त्यातून गायीला ऊर्जा आणि प्रथिनं मिळतात. माणसाला निरुपयोगी असलेल्या माळातून माणसासाठी अन्न तयार करणारी ही व्यवस्था आहे.

हिरव्या चाऱ्यावरच्या गायीच्या दुधात तीन फरक दिसतात. पहिला रंगाचा. हिरव्या पानात बीटा कॅरोटिन असतं. ते गायीच्या दुधातल्या स्निग्धांशात उतरतं, म्हणून पावसाळ्यातलं लोणी आणि तूप जास्त पिवळं दिसतं. म्हैस मात्र जवळजवळ सगळ्या कॅरोटिनचं रूपांतर ‘अ’ जीवनसत्त्वात करून टाकते. त्यामुळे म्हशीने कितीही हिरवं खाल्लं तरी तिचं दूध पांढरंच राहतं. दूध पांढरं म्हणून निकृष्ट, हा हिशेब इथे चुकतो.

दुसरा फरक ओमेगा-३ या स्निग्ध आम्लांचा आणि तिसरा सीएलए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्निग्ध आम्लाचा. चरणाऱ्या गायींच्या दुधात ही दोन्ही जास्त सापडतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण ‘जास्त’ म्हणजे किती? गायीच्या एक पेला दुधात साधारण आठ-नऊ ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यातला जेमतेम शंभरावा भाग ओमेगा-३ असतो, म्हणजे फार तर शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेर. एक चहाचा चमचा जवसाच्या चटणीत याच्या कितीतरी पट ओमेगा-३ असतं, आणि ती चटणी कसब्यातल्या कुठल्याही किराणा दुकानातल्या जवसापासून घरी होते.

प्रथिनं आणि कॅल्शियम यांत गवताने फारसा फरक पडत नाही. गाय गोठ्यात मुरघास खाते की रानात चरते, पेल्यातलं कॅल्शियम जवळपास तेवढंच राहतं.

गवत दूर गेलं

पुणं वाढत गेलं तसं गवत शहरापासून लांब गेलं. पण दूध नासतं, म्हणून गाय-म्हैस लगेच लांब जाऊ शकली नाही. वाड्याच्या मागच्या चौकात, बोळाच्या टोकाला गोठे राहिले. चारा गाड्यांतून विकत येऊ लागला. जनावर चारायला न्यायचं तर जागाच नव्हती. शहरात ठेवलेली म्हैस म्हणजे दिवसभर एका खुंट्याला बांधलेली म्हैस, आणि तिचं शेण-मूत माणसांच्या विहिरीपासून काही हातांवर.

या पद्धतीचं टोक मुंबईच्या तबेल्यांत दिसलं. व्यालेली म्हैस बाहेरगावाहून आणायची, दूध आहे तोवर ठेवायची. आटल्यावर तिला पोसणं मुंबईच्या भावाने परवडत नसे. त्यामुळे अनेक चांगल्या दुभत्या म्हशी कत्तलखान्यात जात आणि पारडी उपासमारीने मरत. हे थांबावं आणि तबेले वस्तीतून बाहेर जावेत म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. दारा खुरोदी हे या कामातलं मोठं नाव. वसाहतीच्या शेण-मुताच्या पाण्यावर तिथे जनावरांसाठी पॅरा गवत वाढवलं जाई. जनावर, खत आणि गवत हे तुटलेलं चक्र पुन्हा जोडण्याचा तो एक मोठा प्रयत्न होता.

लष्कराने हा प्रश्न आधीच ओळखला होता. बाजारातल्या दुधाने सैनिक आजारी पडतात म्हणून १८८९ मध्ये अलाहाबादला पहिलं लष्करी डेअरी फार्म निघालं. मग देशभरच्या छावण्यांजवळ तशी फार्म झाली. पुण्याजवळ पिंपरीलाही एक होतं. शहरातलं दूध चांगलं मिळू लागल्यावर त्यांची गरज संपली आणि २०२१ मध्ये ती अधिकृतपणे बंद झाली.

नागरिकांसाठी बदल वेगळ्या रस्त्याने आला. कृष्णाकाठच्या भिलवडीला १९३९ मध्ये सुरू झालेल्या चितळ्यांच्या डेअरीचं दूध पुण्यात येऊ लागलं. १९६० मध्ये पुणे जिल्ह्याचा सहकारी दूध संघ स्थापन झाला. त्याला आपण ‘कात्रज’ म्हणून ओळखतो. १९७० पासून देशभर दुधाचा महापूर योजना सुरू झाली. आता गाय गावातच राहते, दूध थंड करून टँकरने शहरात येतं. कसब्यातला गोठा गेला आणि पिशवी आली. पिशवीत गावच्या दुधाची चव नाही अशी तक्रार आजी-आजोबा करतात. ती खरी आहे, कारण शेकडो गोठ्यांचं दूध त्यात एकत्र होतं. पण त्या बदलात आपल्याला काय मिळालं, ते आता पाहू.

दुधातले जंतू

दूध हे माणसाच्या बाळाइतकंच जंतूंचंही आवडतं अन्न. जनावराला क्षय असेल तर त्याचे जंतू दुधात उतरू शकतात. युरोपात कच्च्या दुधामुळे अनेक मुलांच्या मानेत क्षयाच्या गाठी येत. आपल्याकडे दूध उकळून पिण्याची जुनी सवय होती, तिने या आजारापासून आपलं पुष्कळ रक्षण केलं. आजीने शिकवलेली ही सवय वैद्यकशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते.

दुसरा आजार म्हणजे ब्रुसेलोसिस, जुन्या पुस्तकांतला ‘माल्टा ताप’. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टा बेटावर त्याचा जंतू शोधला. पण तो माणसात येतो कुठून, हे कळायला आणखी अठरा वर्षं गेली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झमिट या माल्टाच्याच डॉक्टरला तो शेळ्यांमध्ये सापडला. त्या शेळ्या धडधाकट दिसत होत्या, मोकळ्या चरत होत्या आणि घरोघर दारात त्यांचं ताजं दूध काढून दिलं जाई. सैनिकांना शेळीचं दूध बंद केल्यावर त्यांच्यातला ताप झपाट्याने कमी झाला. ‘समोर काढलेलं ताजं दूध’ म्हणजे सुरक्षित दूध नव्हे, हा धडा तिथे मिळाला.

हा आजार आपल्या जनावरांत आजही आहे. आठवडे न् आठवडे येणारा ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे दुखणं ही त्याची लक्षणं. असा ताप असेल आणि घरात कच्चं दूध, त्याचं ताक किंवा पनीर खाल्लं जात असेल, तर ते तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. न विचारता सांगा, कारण हा आजार लक्षात आला नाही तर निदानाला महिने लागतात.

पाश्चरायझेशन म्हणजे दूध ७२ अंश सेल्सिअसला निदान १५ सेकंद किंवा ६३ अंशाला ३० मिनिटं ठेवणं आणि लगेच थंड करणं. एवढ्याने हे रोगजंतू मरतात. प्रथिनं आणि कॅल्शियम तसंच राहतं. काही ‘ब’ जीवनसत्त्वं आणि थोडं ‘क’ कमी होतं, पण ‘क’ जीवनसत्त्वासाठी दूध कोणी पीत नाही. त्यासाठी आवळा आणि लिंबू आहे.

तांबट आळीचा धडा

आता कसब्यातल्या त्या गल्लीकडे येऊ, जिथे आजही ठोक्यांचा आवाज ऐकू येतो. तांबट आळीतल्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या पुण्याला हंडे, घागरी, बंब, तपेली पुरवली. पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठसे उमटवत भांडं घडवण्याच्या त्यांच्या मठारकामाला आज जगभर मागणी आहे. या भांड्यांना आतून कल्हई लागे. कल्हईवाला दारात येई, नवसागर टाकून भांडं तापवे आणि कथलाचा पातळ थर चढवे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक-चिंच ठेवायची नाही, हे घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक असे. दुधाबाबत मात्र तेवढी भीती नव्हती, कारण दूध आंबट नसतं.

त्या काळात भारतात लहान मुलांचा एक भयंकर आजार होता. वैद्यकीय पुस्तकांत त्याच्या नावातच भारत होता : ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’. वर्ष-दोन वर्षांचं मूल किरकिरं होई, पोट फुगे, यकृत हाताला दगडासारखं घट्ट लागे, मग कावीळ होई आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावत. एकाच घरात दुसऱ्या मुलालाही तेच होई. कित्येक दशकं डॉक्टरांना कारण कळत नव्हतं.

ते शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. कसब्यापासून फार लांब नसलेल्या रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण प्रचंड वाढलेलं होतं. हे तांबं येत कुठून होतं? १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी उत्तर मांडलं : तान्ह्या वयात लवकर सुरू केलेलं वरचं दूध, जे पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलं आणि ठेवलं जात होतं. आजारी मुलांच्या आणि निरोगी मुलांच्या घरच्या सवयी ताडून पाहिल्यावरही हेच पुढे आलं.

यामागची क्रिया अशी. गायीच्या दुधात मुळात तांबं अगदी कमी असतं, आईच्या दुधापेक्षाही कमी. पण दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात दूध तापवून ठेवलं की भांड्यातलं तांबं दुधात ओढलं जातं. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तातून बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाच्या यकृताला ते तेवढं जमत नाही. काही मुलांत जन्मतःच ही क्षमता आणखी कमी असावी, असंही मानलं जातं.

ही घरं हलगर्जी नव्हती. अनेकांनी बाळाला चांगलं, तापवलेलं दूध प्रेमाने पाजलं होतं. दोष दुधात नव्हता, गायीत नव्हता आणि गवतात तर नव्हताच. तो भांड्यात होता. घराघरांत स्टीलची भांडी आली, बाळाला स्तनपानच द्या हा सल्ला पसरला, आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आजच्या अनेक तरुण बालरोगतज्ज्ञांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला असतो.

हे केवळ भारतात घडलं नाही. ऑस्ट्रियातल्या तिरोल या डोंगराळ भागाची कथा पाहा. आल्प्सच्या उतारांवरची हिरवी कुरणं, त्यावर चरणाऱ्या गाई, म्हणजे आजच्या बाटल्यांवर छापतात तेच चित्र. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अगदी अशाच यकृताच्या आजाराने दगावल्याची नोंद संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. कारणही तेच निघालं : बाळांचं दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात शिजवलं जाई. भांडी बदलली आणि आजार संपला. जगातल्या उत्तम गवतावरची गाय या बाळांना वाचवू शकली नाही.

तांबट कारागिरांवर याचा ठपका ठेवू नका. कल्हई ही त्यांच्या भांड्याची जुनी, योग्य सुरक्षा होती. तांब्याच्या भांड्यात साधं पाणी ठेवायला निरोगी मोठ्या माणसाला हरकत नाही. दूध, ताक, लिंबूपाणी मात्र त्यात ठेवू नका. बाळाचं काहीच त्यात करू नका.

मग गवत बिनमहत्त्वाचं का?

नाही. गवत महत्त्वाचंच आहे, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

पहिलं कारण बुरशीचं. दमट पेंड, भिजलेला कडबा किंवा नीट न दाबलेला मुरघास यांवर बुरशी चढते. तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष गायीच्या पोटातून दुधात उतरतं आणि ते उकळून जात नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुने तपासले होते. त्यांतल्या ५.७ टक्के नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त होतं. भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने अवघे १२ होते. आपण भेसळीला घाबरतो, पण जनावराच्या गव्हाणीतल्या बुरशीकडे आपलं लक्ष नसतं. ताजा हिरवा चारा मिळणाऱ्या जनावराच्या पोटात अशी पेंड कमी जाते. त्यामुळे ‘गाय काय खाते’ हा प्रश्न विचारण्यासारखा आहेच.

दुसरं कारण शेतकऱ्याचं. पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर उरुळी कांचनला १९४६ मध्ये गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि तिथे मणिभाई देसाईंना ठेवलं. त्यांना लवकरच दिसलं की गावाचं आरोग्य गावाच्या उत्पन्नापासून वेगळं काढता येत नाही. त्यांनी गीर गाई वाढवल्या आणि १९६७ मध्ये ‘बाएफ’ संस्था स्थापन केली. संस्थेने संकरित गाई शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेल्या. जास्त दूध देणाऱ्या गायीला जास्त हिरवा चारा लागतो, म्हणून संस्थेने चाऱ्याच्या झाडांवर आणि पिकांवरही काम केलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने यशवंत आणि फुले जयवंत असे संकरित नेपियर गवताचे वाण दिले. पशुखाद्याचं पोतं महाग असतं. बांधावर गवत आणि वाफ्यात लसूणघास असेल तर छोट्या गोठ्याचा हिशेब बसतो. १९७२ च्या दुष्काळात जनावरं छावण्यांत न्यावी लागली. ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांना चाऱ्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरं कारण जमिनीचं. माळरानाला आपण ‘पडीक’ म्हणतो आणि त्यावर ऊस, प्लॉट किंवा झाडं लावायला निघतो. गवताची मुळं माती धरतात आणि पाणी मुरवतात, आणि मेंढपाळांची मेंढरं त्यावर जगतात. मात्र इथेही पूर्ण हिशेब सांगायला हवा. तंतुमय गवत पचवताना गायीच्या पोटात मिथेन वायू होतो. कमी दूध देणाऱ्या, केवळ सुक्या गवतावरच्या गायीमागे दर लिटरला तो जास्त पडतो. म्हणून शहाणपणाची वाट मधली आहे : पावसाळ्यात चराई, गवत कोवळं असताना कापून साठवण, उरलेल्या वर्षात चांगला मुरघास, कडबा आणि मोजकी पेंड. जुन्या कुरणाची रीतही याहून फार वेगळी नव्हती.

आणि शेवटी तुमच्या पेल्यातलं

शाकाहारी घरांत दुधाचं एक काम फार मोठं आहे आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही. ते म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. के.ई.एम.च्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे शहर आणि आसपासच्या गावांतल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळलं. हे जीवनसत्त्व गायीच्या पोटातले तेच सूक्ष्म जीव तयार करतात. एका पेला दुधात ते साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं आणि प्रौढ माणसाला रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं. त्यासाठी बाटलीवर गवताचं चित्र असण्याची गरज नाही. साधं पिशवीचं दूध, दही, ताकही ते देतं.

तेव्हा घरात एवढं करा.

• सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. त्यानंतरही वर्षभर पूर्ण होईपर्यंत गायी-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नको. त्यात लोह फार कमी असतं. आईचं दूध पुरत नसेल तर मनाने वरचं दूध सुरू न करता डॉक्टरांना भेटा.

• सुटं दूध कुठल्याही गोठ्यातलं असो, उकळूनच वापरा. कच्च्या दुधाचं पनीर, खरवसाचा कच्चा चीक आणि ‘थेट काढलेलं’ दूध लहान मुलं, गरोदर बाई, वृद्ध आणि मधुमेही यांना अजिबात देऊ नका.

• पिशवीचं पाश्चराइज्ड दूध न फुगलेलं, थंड आणि तारखेतलं घ्या. एकदा उकळी आणून लगेच थंड करून फ्रिजमध्ये ठेवा. पुन्हा पुन्हा उकळत बसू नका.

• दुधाचं पातेलं स्टीलचं असू द्या. आजीची पितळी चरवी फडताळात शोभेला ठेवा. वापरायची असेल तर आधी कल्हई करून घ्या, आणि बाळाच्या दुधासाठी तरीही नको.

• ‘ए-टू’, ‘देशी’, ‘ग्रास-फेड’ या शब्दांवर औषधासारखा विश्वास ठेवू नका. ए-टू दाव्यांबाबत अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये आधी मनाईची सूचना काढली आणि काही दिवसांत मागे घेतली. ज्या शब्दाबद्दल नियमच ठरत नाही, त्यावर मुलाच्या आहाराचा निर्णय सोपवू नये. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ए-टू दूधही चालत नाही.

• चरणाऱ्या गायींचं दूध परवडत असेल, चव आवडत असेल, गोठा ओळखीचा असेल तर जरूर घ्या. पण दुधवाल्याला तीन गोष्टी विचारा : जनावरांची क्षय आणि ब्रुसेलाची तपासणी कधी झाली, पावसाळ्यात पेंड आणि कडबा कुठे ठेवता, आणि दूध काढल्यावर किती वेळात थंड करता. ज्याचा गोठा चांगला आहे तो या प्रश्नांनी रागावत नाही. उलट तुम्हाला गोठा दाखवायला बोलावतो.

आणि जर महागडी बाटली परवडत नसेल, तर मुलाला आपण काही कमी देतोय असं मनात आणू नका. पिशवीचं दूध, स्टीलचं पातेलं, पोळीबरोबर जवसाची चटणी आणि पालेभाजी एवढ्यावर मूल उत्तम वाढतं. वाचलेल्या पैशांतून त्याला रोज एक फळ द्या.